चष्मे फुकट धुऊन मिळतील

"भिंत उद्या सकाळी उभी राहणार," मोजपट्टी काउंटरवर आपटत भाऊ म्हणाले. "सुताराशी बोलणं झालंय. प्लायवूडची भिंत. दोन तासांचं काम."

"राहील ना," ताई म्हणाल्या. "माझ्या मढ्यावर राहील."

ताई म्हणजे गावातल्या एकुलत्या एक चष्म्याच्या दुकानाच्या मालकीण आणि भाऊ म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, निम्म्याचे भागीदार. भांडण होतं मागच्या खोलीवरून. डोळे तपासताना माणूस अक्षरांच्या तक्त्यापासून वीस फुटांवर बसला पाहिजे, म्हणून त्यांच्या वडिलांनी ती खोली आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब बांधून घेतली होती. महिन्यातून एकदा ताई त्या खोलीत खुर्च्या मांडत आणि एखाद्या लेखकाला, चित्रकाराला किंवा गायकाला बोलवत. लेखक तक्त्याखाली बसे. श्रोते त्याच्याकडे बघता बघता मनातल्या मनात त्याच्या डोक्यावरची अक्षरं वाचून काढत, आणि शेवटची बारीक ओळ वाचून झाली की उठून जात.

"हे बघ ताई," भाऊ म्हणाले, "आता वीस फूट कुणी ठेवत नाही. तक्ता उलटा लावायचा, समोर आरसा टांगायचा, दहा फुटांत वीस फूट मिळतात. उरलेल्या दहा फुटांत मी गॉगलचं शोकेस टाकतो."

"तक्ता मावेल आरशात. माणसं कुठे मावतील?"

"कुठली माणसं? मागच्या महिन्यात त्या कवीला ऐकायला सात जण होते. त्यातले तीन पत्ता चुकले होते, आणि एक तर कवीचा सख्खा मेव्हणा. तोसुद्धा चौथ्या कवितेला सटकला!"

हे खरं होतं. त्याआधीच्या चित्रकाराच्या वेळी शेवटी खोलीत फक्त चित्रं उरली होती. पण खरं आहे म्हणून गप्प बसायचं, हा ताईंचा स्वभाव नव्हता. लहानपणी शाळेत बाकावर उभं केलं, तर शिक्षा संपल्यावरही या खाली उतरल्या नव्हत्या. "इथून छान दिसतं" म्हणाल्या होत्या.

"आज कादंबरीकार येतायत," ताई म्हणाल्या. "साडेपाच ते सात. सातच्या ठोक्याला तू ये आणि डोकी मोज. वीस माणसं बसलेली असली तर या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि नसली तर?"

"तर बांध तुझी भिंत. मी स्वतः खिळे हातात देईन."

भाऊंनी लगेच हात पुढे केला. कादंबरीकार काय चीज आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या सातशे पानी कादंबरीच्या नवव्या प्रकरणात बावीस पानं नुसतं धुकं होतं. धुकं पडतं, धुकं दाटतं, धुकं विचार करतं. आणि जिथे जातील तिथे हे गृहस्थ नेमकं तेच प्रकरण वाचत. शेजारच्या गावात त्यांनी ते वाचलं तेव्हा दारात बांधलेली शेळी दावं तोडून गेली, असं सांगतात. शेळीचं सोडा, पण दावं नवं होतं.

ताईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणूनच दुपारी त्यांनी दुकानाबाहेर फळा लावला. 'कादंबरीकार आपल्या भेटीला' हे लहान अक्षरांत आणि खाली हातभर अक्षरांत, 'श्रोत्यांचे चष्मे फुकट धुऊन मिळतील. स्क्रूही आवळून मिळतील.'

साडेपाचला एकवीस माणसं हजर! एकवीस नाकांवर एकवीस चष्मे. शिंपी आले, बेकरीवाले आले, औषधाच्या दुकानातलं जोडपं आलं, आणि ताईंना ज्यांनी बाकावर उभं केलं होतं त्या शाळेतल्या बाईही काठी टेकत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

दुकानात एक म्हातारे मिस्तरी होते. चाळीस वर्षं त्यांनी काचा घासल्या होत्या. चष्मे धुवायला त्यांच्याकडे पाण्याचं एक यंत्र होतं. बटण दाबलं की पाणी थरथरतं आणि चष्म्याच्या सांदीकोपऱ्यातला मळ निघतो. एरवी गिऱ्हाईक समोर उभं असे, मिस्तरी त्याचा एक चष्मा धूत आणि त्याच्या हातात देत. चुकायला जागाच नव्हती. आज मात्र चष्म्यांचा ढीग पडणार, म्हणून ताईंनी त्यांना बजावलं, "प्रत्येक चष्म्याच्या काडीला नाव लिहून चिठ्ठी बांधा. आणि एक लक्षात ठेवा. काही झालं तरी चिठ्ठी काढायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही."

"नाही काढणार," मिस्तरी म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

लोकांना भरवसा वाटावा म्हणून ताईंनी सगळ्यांत आधी आपलाच चष्मा ताटात ठेवला. मग मिस्तरींनी आपला ठेवला. कादंबरीकारांनीही सोनेरी काड्यांचा आपला चष्मा ऐटीत काढून दिला. "तोवर प्रस्तावना होऊ द्या," ते म्हणाले. "मी बोलत नसतो. मी वाचतो."

शाळेतल्या बाईंनी प्रस्तावना केली. ती पंधरा मिनिटं चालली आणि तिच्यात कादंबरीकारांचा उल्लेख एकदा आला. तेवढ्यात आतून मिस्तरी ताट घेऊन बाहेर आले. चष्मे नुसते लखलखत होते. प्रत्येक काडीला चिठ्ठी होती, आणि प्रत्येक चिठ्ठी धुतल्या रुमालासारखी पांढरी होती.

"मिस्तरी," ताई हळूच म्हणाल्या, "नावं कुठे गेली?"

"पाण्यात गेली असतील."

"चिठ्ठ्या पाण्यात कशाला घातल्या?"

"तुम्हीच म्हणालात, काढायच्या नाहीत. आभाळ कोसळलं तरी."

आता कुणी म्हणेल, त्यात काय, ज्याने त्याने आपली फ्रेम ओळखावी. तिथेच तर मेख होती. मागच्या वर्षी भाऊंनी एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून एकाच काळ्या चौकोनी फ्रेमची अख्खी पेटी उचलली होती आणि 'सध्या हीच चालते' असं सांगून वर्षभर तीच खपवली होती. मग खरोखरच तीच चालायला लागली. गावातून फिरताना सगळी माणसं एकाच घरची वाटत. ताटात तेवीस काळे चौकोनी चष्मे होते आणि एक सोनेरी.

"आपापला घालून बघा," ताई म्हणाल्या, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

ताट फिरलं, आणि खोलीत बाजार भरला. शिंप्यांनी एक चढवला आणि किंचाळले, "जमीन खाली गेली!" बेकरीवाल्यांना समोरचा माणूस हत्तीएवढा दिसला. औषधवाल्याने एक घातला, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, तू अशी दिसतेस?" त्यावर पुढचा अर्धा तास ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मिस्तरींना तेवढा आपला सापडला, कारण त्यांच्या डाव्या काचेवर एक जुना ओरखडा होता. आणि शाळेतल्या बाईंनी जो पहिला हाती आला तो घातला, खोलीभर पाहिलं आणि काठी आपटली.

"हा माझा. इतकं स्वच्छ मला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं."

"बाई," ताई म्हणाल्या, "कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं, म्हणजे तो तुमचा नसणार. मला वाटतं तो माझा आहे."

"उद्धट! तेव्हाही अशीच होतीस."

आता ज्या बाईंनी बाराखडी शिकवली त्यांच्या नाकावरून चष्मा ओढून कसा घेणार? ताई धूसर डोळ्यांनी मागे सरल्या आणि उरलेले चष्मे त्यांनी पुन्हा ताटात गोळा केले.

तशी तोड होती. मिस्तरींकडे काचेचा नंबर मोजायचं यंत्र होतं, आणि दुकानाच्या खणात प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर लिहिलेलं कार्ड होतं. चष्मा मोजायचा, कार्डाशी ताडायचा, देऊन टाकायचा. अडचण एवढीच, की कार्डं ताईंच्या हस्ताक्षरात होती. ताईंचं अक्षर ताई आणि भाऊ सोडून जगात कुणालाच लागत नसे, आणि ताईंचे डोळे तर पहिल्या रांगेत बाईंच्या नाकावर बसलेले.

"भाऊला बोलवा," ताई कडू औषध घेतल्यासारख्या म्हणाल्या.

भाऊ नुकतेच बाहेर काउंटरशी येऊन बसले होते. आत आले, एकवीस माणसं बघून त्यांचा चेहरा उतरला. मग ती अशी चाचपडत का बसली आहेत हे कळल्यावर तो पुन्हा खुलला.

"आण इकडे कार्डं. माझी नजर घारीची. अठ्ठावन्न वर्षांचा झालो, अजून चष्मा नाही!"

मिस्तरी यंत्राला डोळा लावून ओरडले, "मायनस चार!" भाऊंनी कार्डं चाळली, एक हातभर लांब धरलं, मान मागे घेतली, आणखी लांब धरलं आणि ठणकावून सांगितलं, "शिंपी!"

शिंप्यांनी चष्मा घातला आणि खुर्ची घट्ट धरली. "भाऊ, आता भिंतीसुद्धा चालायला लागल्या!"

"सवय होईल."

"प्लस दोन!" मिस्तरी.

"बेकरी!" भाऊ.

बेकरीवाल्यांनी चष्मा घालून दाराकडे जायचा प्रयत्न केला आणि ते टोप्यांच्या खुंटीला नमस्कार करून आले.

ताईंनी भावाच्या हातातलं कार्ड घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. "वाच."

"वाचलं की. बेकरी. प्लस दोन."

"अरे, ती कोरी बाजू आहे!"

चष्मा विकणाऱ्या माणसाला जवळचं दिसत नाही, आणि चष्मा लागला हे कबूल करायला नको म्हणून तो वर्षानुवर्षं अंदाजाने कार्डं वाचतोय, हे एकवीस गिऱ्हाइकांना एकदमच कळलं. शिंपी म्हणाले, "तरीच मागच्या खेपेला मला मुलांचा चष्मा दिला होता."

भाऊ कानापर्यंत लाल झाले. पण ते ताईंचेच भाऊ. त्यांनी रागारागाने ताटातला सोनेरी काड्यांचा चष्मा उचलला आणि नाकावर ठेवला. वरची काच लांबचं बघायची, खालची वाचायची. भाऊंनी कार्डाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग नखांकडे.

"अरेच्चा," ते पुटपुटले. "बारीकसारीक किती काय काय असतं!"

"अहो, तो माझा!" कादंबरीकार उठले.

"पाच मिनिटं, साहेब. तो दिला तर मला कार्डं दिसत नाहीत, आणि कार्डं दिसली नाहीत तर ही माणसं घरी जात नाहीत."

"पण मी वाचणार कसा?"

"मग नका वाचू," मागून शिंपी म्हणाले. "तोंडी सांगा काहीतरी. आम्हाला तरी कुठे जाता येतंय?"

कादंबरीकारांचा अपमान झाला होता. ते खाली बसले, हातातली सातशे पानं चाचपली, पानांतलं धुकं आता त्यांच्याही डोळ्यांपुढे होतं. आणि मग, कदाचित समोरचे चेहरे कुणाला नीट दिसत नव्हते म्हणून, कदाचित आपलं कुणी ऐकतंय असं वाटेना म्हणून, ते साध्या आवाजात बोलायला लागले.

"मी सव्वीस वर्षांचा असताना एका मुलीला चिठ्ठी लिहिली होती. पुस्तकात घालून दिली. दुसऱ्या दिवशी कळलं, ते पुस्तक तिच्या वडिलांनी वाचायला घेतलंय. वडील पैलवान."

मागच्या रांगेतली कुजबूज थांबली.

"भर दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरलो. पुस्तक पलीकडच्या खोलीत टेबलावरच होतं. हात लावणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं. समोर कपड्यांचं कपाट होतं. मी आत शिरून दार ओढून घेतलं. फटीतून बघतो तर काय, वडील आले, खुर्ची बरोब्बर कपाटासमोर ओढली आणि पुस्तक उघडून बसले. चिठ्ठी होती चाळिसाव्या पानावर. आणि गृहस्थ वाचताना बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत होते."

"बाप रे," बेकरीवाले म्हणाले. त्यांच्या नाकावर अजून चुकीचाच चष्मा होता.

यंत्राशी मिस्तरींनी ताईंची बाही ओढली. "ताई, साडेसहा झाले. भाऊंना आता कार्डं धडाधड वाचता येतायत. ज्याला चष्मा मिळेल तो उठून जाईल. मी जरा सावकाश मोजू का? सातपर्यंत कुणाचा सापडलाच नाही तर कोण बघायला येतंय?"

सोपं होतं. अर्धा तास नुसतं यंत्र पुसत बसायचं, आणि खोली वाचली. ताईंनी क्षणभर त्या लांबलचक खोलीकडे पाहिलं. त्यांना ती पाण्यातून पाहावी तशी दिसत होती.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "आंधळी करून माणसं बसवायची असती तर मी दिवेच घालवले असते. भराभर मोजा. ज्याला जायचं त्याला जाऊ दे. मी कुणाच्या पायात पाय घालणार नाही!"

मिस्तरी भराभर मोजायला लागले, भाऊ भराभर वाचायला लागले. "मायनस दीड, पोस्टमन! प्लस तीन, औषधवाले!" औषधवाल्याने आपला चष्मा घातला, बायकोने आपला घातला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हुश्श केलं आणि हातात हात घालून निघून गेले. ताईंनी मनात वजाबाकी केली. एकवीसांतून दोन गेले.

पण मग शिंप्यांना चष्मा मिळाला. त्यांनी तो घातला, जमीन जागेवर असल्याची खात्री केली, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. पोस्टमन बसले. बेकरीवाल्यांनी तर चष्मा हातातच धरला. घालायचंही सुचलं नाही त्यांना.

"पान अडतीस," कादंबरीकार सांगत होते. त्यांचा आवाज आता अगदी खाली आला होता. "पान एकोणचाळीस. मी डोळे मिटले. आणि कपाटाच्या अंधारात, माझ्या कानाला लागून, कुणीतरी म्हणालं, 'जरा सरका की.'"

खोली अशी हसली, की तक्ता खिळ्यावर तिरका झाला. शाळेतल्या बाईंनी हसून हसून डोळे पुसायला चष्मा काढला, तेवढ्यात भाऊंनी तो अलगद उचलून ताईंच्या हातात दिला आणि बाईंचा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"झालं," भाऊ म्हणाले. "सगळे संपले." आणि नाकावरचा सोनेरी चष्मा काढून त्यांनी कादंबरीकारांपुढे धरला.

कादंबरीकारांनी तो घातला. समोर एकटक बघणारे चेहरे त्यांना पहिल्यांदाच स्वच्छ दिसले, आणि ते एकदम भानावर आले. खाकरले. पाठ ताठ केली. मांडीवरचं पुस्तक उघडलं.

"असो. हे गप्पांचं झालं. आता साहित्य. प्रकरण नववे. 'धुके.'"

"अहो, पण कपाटात कोण होतं?" शिंपी ओरडले.

"ते महत्त्वाचं नाही. मी बोलत नसतो, मी वाचतो. 'पहाटे धुके पडले. ते धुके…'"

बाहेरच्या घड्याळात सातचे ठोके पडायला लागले. ताई चष्मा घालून ताठ उभ्या राहिल्या. आता त्यांना सगळं लख्ख दिसत होतं, आणि कमी पडणारंही.

"मोज," त्या भावाला म्हणाल्या.

भाऊंनी बोट नाचवत मोजलं. लांबचं त्यांना पहिल्यापासून दिसत होतंच. "एकोणीस."

"ताई, तुम्ही बसा ना," पोस्टमन म्हणाले. "वीस होतील."

"का म्हणून? मालकीण श्रोत्यांत धरायची नसते. एकोणीस तर एकोणीस! बांध रे तुझी भिंत. पुढच्या महिन्यात उरलेल्या दहा फुटांत कार्यक्रम करीन. मांडीला मांडी लावून बसवीन सगळ्यांना. तेही दहा फूट घेतलेस तर फुटपाथवर करीन. आण खिळे, देते हातात!"

भाऊ कादंबरीकारांपाशी गेले, वाकले, आणि 'धुके दाटत गेले' यातल्या 'दाटत'वर त्यांनी दोन बोटांनी तो सोनेरी चष्मा त्यांच्या नाकावरून उचलून स्वतःच्या खिशात घातला. मग औषधवाल्याची रिकामी खुर्ची ओढली आणि दोन्ही पाय पसरून तिच्यात बसले.

"हं," ते म्हणाले. "पान एकोणचाळीस. सरकलात की नाही?"

"अरे पण सात वाजले!" ताई म्हणाल्या. "तुझी भिंत? तुझं शोकेस? मी तुला सांगितलंय, मला कुणाची मेहेरबानी…"

भाऊंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"ताई, गप्प बस ना जरा. मागच्यांना ऐकू येत नाहीये."